तात्यांची किल्ली

शनिवार, शिळफाटा

आज तात्यांची जिरवली! आमचे हे घरमालक मी कामावर गेले की स्वतःच्या किल्लीने खोलीत शिरतात. परवा माझं कपड्यांचं कपाट उघडं सापडलं. विचारलं तर म्हणाले, "नळ बघाय आलतो गं. घर माजंच हाय." नळ कपाटात असतो का?

आज सुट्टी काढली, दाराचं लॅच बदलून घेतलं, चपला आत घेतल्या आणि गप्प बसले. दुपारी किल्ली खुडखुडली. फिरेना. त्यांनी ती पुन्हा घुसवली, तेव्हा मी फाडकन दार उघडून ओरडले, "तात्या, माझ्या कपाटात काय शोधता?"

जिन्यात त्यांची सूनच उभी होती. तात्या पांढरेफटक पडले.

दया यायला हवी होती का? नाही आली. खोली सोड म्हणतील. म्हणू देत. करार दिवाळीपर्यंतचा आहे, आणि माझी वाट रोज खालच्या मजल्यावरच्या त्यांच्याच दारावरून जाते.