बारा माद्यांचा माज

४ मे १९९२
दीपनगरहून आले. देवपूरला खोली मिळाली; तिथून सायकलने वीस मिनिटांवर रुपचंदशेठचं डुकरांचं फार्म. बाबांच्या कॉलनीत लोक म्हणाले, पोरगी डॉक्टर झाली ती डुकरांसाठी? हो, डुकरांसाठीच! बारा माद्या आहेत, गुबगुबीत, हुशार. ऊन पंचेचाळीसवर गेलं, की माजावर येत नाहीत. चार महिने फार्मवर पिलं नाहीत. यंदा ते होऊ देणार नाही.

६ मे
सावलीसाठी ओली पोती बांधली. बाराही जणींना माजावर आणायचं इंजेक्शन दिलं, गाभण घोडीच्या रक्तातून काढतात ते. एकच डोस. झाडलोट करणाऱ्या झुंबरबाई म्हणाल्या, “उन्हाळामा त्यासनं पोट झोपेल ऱ्हास, बाई. झोपेलले उठाडू नका.” मी हसले.

११ मे
बाराही माजावर! पाठीवर हात दाबला, की दगडासारख्या उभ्या राहतात. नर दाखवला. सात नंबरची लंगडी, म्हणून तिला नरापासून दूरच ठेवली. शेठने पेढे वाटले.

१७ मे
माज दोन-तीन दिवसांत ओसरतो. हा ओसरत नाही. खात नाहीत, बसत नाहीत. नर दाराशीच लघवी करून मागे पळाला. कचऱ्यात रिकाम्या कुप्या सापडल्या — जास्त पिलं व्हावीत म्हणून शेठ माझ्यामागे तेच औषध रोज टोचत होते.

१९ मे
सात नंबरचं पोट जमिनीला टेकलंय. नर तिच्या जवळही गेला नव्हता. स्टेथोस्कोप लावला. आत पुष्कळ काळजं, सगळी एका ठोक्यात. माझ्या ठोक्यात. मी श्वास रोखला; माझी धडधड वाढली, तशी त्यांचीही.

२० मे
उरलेलं औषध शेठच्या डोळ्यांदेखत मोरीत ओतलं. ते म्हणाले, जळगावहून आणखी येतंय, जमत नसेल तर घरी जा. सांगितलं, घरी जाणार नाही आणि टोचूही देणार नाही.

२१ मे, दुपार
जेवायला गेले तेवढ्यात — शेठ स्वतः सिरिंज घेऊन आत शिरले. मी परतले तर माद्या त्यांच्याभोवती दाटून उभ्या. आवाज नाही. त्या बाजूला झाल्या तेव्हा जमिनीवर फक्त टोपी.
झुंबरबाई कोपऱ्यात अडकलेल्या. मी आत गेले, हाताला धरून त्यांना बाहेर ढकललं. माझ्यामागे दार लागलं. माद्या दाराला पाठ लावून उभ्या.

तासाभराने
झुंबरबाई बाहेरून हाका मारताहेत. त्यांना सांगितलं, गावात जा, माणसं आणा.
सात नंबर विते आहे. अडलीय. कण्हतेय. बाकीच्या अकरा माझ्याकडे बघताहेत.
भीती वाटते. वाटू दे. हिला असं कुणी केलं? आम्हीच. पहिली सुई माझी.
हात धुतले. वही गव्हाणीवर, एका हाताने लिहितेय.

डोकं आलं. डोळे उघडे — दात —
ओढतेय. सोडणार नाही. बघ कितीही — मी डॉक्टर आहे, मी तुला
माझं बोट —