माझ्या पोराचा आवाज कुठंय

अल्लाचं नाव घेऊन. मी, घुमूर अग एलखेर, म्हणजे एलखेरचा मुलगा घुमूर, वय सतरा, धंदा कालपर्यंत बेस गिटार वाजवणं आणि आजपासून लोहारकाम, राहणार तहगार्त मोहल्ला, तामनरासेत, डोकं ठिकाणावर असताना आणि अंगात ताप वगैरे नसताना हे लिहून देतो. कोणी जबरदस्ती केलेली नाही. चहा पाजलाय, पण तो रोजच पाजतात.

मी मेलेलो नाही आणि मरायची घाईही नाही. पण परवा मी बँड सोडतो म्हणालो, तेव्हा आमचा ड्रमवाला बेकाई म्हणाला, "वाजवणं सोडलंस म्हणजे मेलासच की! मग वाटणी तरी करून जा, आमच्यात भांडणं नकोत." सगळे हसले. मी पण हसलो, पण आमच्यात पुरुष तोंडावर फडकं बांधतात म्हणून कोणाला दिसलं नाही. घरी येऊन विचार केला तर त्याचं बरोबरच होतं. म्हणून वाजवणारा घुमूर गेला असं समजून त्याची वाटणी करतोय.

कचेरीबाहेर अर्ज लिहून देणारे लखदर म्हणतात की मृत्युपत्र असं लिहावं की अनोळखी माणसाला पण कळलं पाहिजे. म्हणून सगळ्यांना ठाऊक असलेलं पण लिहितो. शुद्धलेखन कोणी तपासू नये. मी शाळा लवकर सोडली. मास्तर उभं करून मोठ्यानं वाचायला लावायचे. मी उभा राहायचो, वाचायचो नाही. एक दिवस खूप वेळ उभा राहिलो आणि मग घरी निघून आलो. तेव्हापासून शाळेचं आणि माझं काही भांडण नाही. मास्तरांना माफ केलंय, ते पण या वाटणीतच धरा.

पहिलं, माझं बेस गिटार.

हे मला अहमूदनं दिलं. अहमूद म्हणजे मोठ्या घरच्या हाजी मोख्तारचा मुलगा, आमचा गाणारा आणि पुढचा गिटारवाला. बँड सुरू झाला तेव्हा आमच्याकडे एक गिटार, त्याला सायकलच्या ब्रेकची एक तार, आणि बेकाईसाठी पाण्याचा पिवळा कॅन. म्हणून बँडचं नाव बिदोन, म्हणजे कॅनच. मी नुसता बसून ऐकायचो. एक दिवस अहमूदच्या मामानं वार्ग्लाहून हे जाड तारांचं लाल गिटार आणलं आणि अहमूदनं ते सरळ माझ्या मांडीवर ठेवलं.

"मला येत नाही," मी म्हणालो.

"हे पण तुझ्यासारखंच आहे," तो म्हणाला. "असतं तेव्हा कळत नाही. नसलं की कळतं."

माझ्याबद्दल एवढं चांगलं तोपर्यंत कोणी बोललं नव्हतं.

त्याच्या चार खुंट्यांपैकी एक चांदीची आहे. जुनी तुटली तेव्हा अब्बांनी करून दिली. त्याआधी ते बँडचं नाव निघालं की म्हणायचे, "लोहाराचा पोरगा, आणि लोकांच्या लग्नात तोंड मिटून उभा! माझ्या बापानं बघितलं असतं तर परत मेला असता." तुटलेली खुंटी मी भट्टीजवळ विसरून आलो होतो. दुसऱ्या दिवशी तिच्या जागी चांदीची होती, वर आमच्या घराची बारीक नक्षी. म्हणाले, "तू नाही तर नाही, ही तरी चमकेल."

तर हे गिटार रायशाला द्यावं. रायशा म्हणजे अहमूदची होणारी बायको. आम्ही अद्रियान डोंगरामागच्या कोरड्या नदीत सराव करायचो, जनरेटर वाळूत अर्धा पुरून ठेवायचो म्हणजे त्याची घरघर कमी होते. मुली पलीकडे बसून तिंदे, म्हणजे उखळीवर कातडं ताणलेला ढोल, वाजवायच्या. रायशाचा हात तिंदेवर असायचा आणि कान माझ्या तारांकडे. अहमूदकडे नाही. अहमूदनं हे मनाला लावून घेऊ नये. आम्ही चहाला बसलो की ती येऊन गिटार उचलायची, आणि तिला आमची निम्मी गाणी येतात हे बँडमध्ये फक्त मला माहीत होतं. आता सगळ्यांना माहीत झालं.

बेकाई म्हणणार, बाईमाणूस बेस वाजवणार? बेकाई, तिंदे कोण वाजवतं? इमझादच्या एका तारेवर गज कोण फिरवतं? पुरुषानं इमझादला हात लावला तर आजी काठी घेऊन धावते. आपल्यात वाजवणं मुळात बायकांचंच. गिटार आलं आणि आपण पोरं मध्ये घुसलो.

अट एकच. चांदीची खुंटी काढायची नाही, विकायची नाही, आणि सुरात लावताना जोरात पिळायची नाही.

दुसरं, गाडीतली माझी जागा. टोयोटाच्या मागे, डाव्या कोपऱ्यात, स्पीकर आणि सुट्या टायरच्या मध्ये. तिथं वारा लागत नाही आणि कोणी काही विचारत नाही. इन अमगेलच्या लग्नाहून परत येताना मी तिथंच बसलो होतो. बेकाई झोपेत कॅनवर ताल धरत होता, अहमूद पुढं गुणगुणत होता आणि वाळूत भाजलेली तागेला भाकरी बांधलेल्या फडक्यातून ऊब येत होती. आईशप्पथ, वाटलं रस्ता संपूच नये. ही जागा ज्याला कधी खूप बोलून कंटाळा येईल त्यानं घ्यावी. बहुतेक मीच मागायला येईन. द्याल ना?

तिसरं, राग. माझ्याकडे एकच आहे आणि तो वाटून संपवायचाय.

तीन वर्षांपूर्वी गावाच्या जत्रेत आम्हाला पहिल्यांदा खरं स्टेज मिळालं. आवाजाचं बघणारा माणूस बाहेरगावचा होता. त्यानं सगळ्यांच्या वायरी जोडल्या, माझी राहिली. गाणं सुरू झालं. मी वाजवतोय आणि स्पीकरमधून काही येत नाही. त्याला सांगायचं तर दहा पावलं चालत जाऊन तोंड उघडायला लागलं असतं. मी नुसता वाजवत राहिलो. लोक टाळ्या वाजवत होते, अहमूद डोळे मिटून गात होता, बेकाईला तर स्वतःशिवाय काही ऐकूच येत नाही. पहिलं गाणं तसंच गेलं. दुसरं पण. मनात म्हटलं, अहमूद खोटं बोलला, नसलं तरी कळत नाही.

आणि गर्दीच्या अगदी मागून अब्बांचा आवाज आला. त्यांना मायक लागायचा नाही. तहगार्तहून हाक मारली तर बाजारातला माणूस मागे बघायचा.

"ए! माझ्या पोराचा आवाज कुठंय?"

सगळी गर्दी वळली.

"तीन माणसं आहेत आणि दोघंच ऐकू येतायत! माझ्या पोराचा आवाज कुठंय म्हणतो! शोधा!"

लोक एवढे हसले की गाणं थांबलं. तो माणूस धावत आला, वायर जोडली. मी फडकं डोळ्यांपर्यंत ओढलं आणि जमीन फाटायची वाट बघत वाजवलं. त्या दिवशी मी अब्बांवर चिडलो होतो. आवाजवाल्यावर नाही, अब्बांवर. पुढं बरेच दिवस त्यांच्याशी नीट बोललो नाही, आणि मी नीट बोलत नाही हे कोणाच्या लक्षात पण आलं नाही, कारण मी कधीच बोलत नव्हतो.

तो राग आता फुकट गेला. या थंडीच्या सुरुवातीला अब्बा ऐरणीपाशी पडले. उठले तेव्हा हात ठीक होते, पाय ठीक होते, तोंडाची एक बाजू उतरली होती. आता चांदीचं काम पूर्वीसारखंच करतात, पण शब्द येत नाही. हातोडीनं सांगतात. एक ठोका म्हणजे नाही. दोन म्हणजे हो. तीन म्हणजे 'मोठ्यानं बोल'. हा तिसरा त्यांनी खास माझ्यासाठी काढलाय. बाकी घरात कोणाला त्याची गरज नाही. आईचा आवाज तर विचारूच नका.

चौथं, मी का सोडतोय.

आम्ही एनाद, म्हणजे लोहार. पण हातोडी हे आमचं अर्धंच काम, बाकीचं अर्धं तोंडाचं. मोठ्या घरची माणसं लाजतात. फडकं खाली घेत नाहीत, स्वतःसाठी काही मागत नाहीत. त्यांच्या वतीनं लोहार बोलतो. मागणी लोहार घालतो, रुसवे लोहार काढतो, लग्नात कोणाच्या ताटात मटणाचा कुठला तुकडा हे पण लोहारच ओरडून सांगतो. लोहाराला लाज नसते असं लोक म्हणतात आणि ते कौतुकानं म्हणतात. अशा घरात मी जन्मलो. आई म्हणते, जन्मल्यावर मी रडलो ते सुद्धा हळू.

हाजी मोख्तारच्या घराचं बोलणं आजोबांपासून आमच्याकडे. अहमूदसाठी रायशाला मागायची वेळ आली आणि हाजींनी निरोप पाठवला: एलखेरला जमत नसेल तर त्याच्या पोराला पाठवा. काका जानेतला राहतो. दुसरं कोणी नाही. आईनं मला अब्बांचं निळं फडकं बांधलं, त्यांची काठी दिली.

"दारात उभा राहा. बकऱ्या कशा विचार. पाणी कसं विचार. मग हळूच, आडून आडून, मुलीचं काढ. कळलं?"

"हो."

"काय हो? म्हणून दाखव."

मी म्हणून दाखवलं नाही. तसाच गेलो.

रायशाच्या घरी दार फाती मावशीनं उघडलं. रायशाची मावशी, मोहल्ल्यात वजनदार बाई. मी सलाम केला, आणि तेवढंच. बकऱ्या नाही, पाणी नाही. नुसता उभा. आता आमच्यात लोहार दारात येऊन गप्प उभा राहिला तर त्याचा एकच अर्थ होतो. बाकी सगळ्याला लोहाराकडे शब्द असतात.

मावशीच्या हातातली परात खाली पडली. "लोहार... आणि गप्प? कोण गेलं रे?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"बोल ना! तुझा बाप गेला का?"

मी आणखी जोरात मान हलवली.

"मग हाजी? हाजी गेला? या अल्ला, हाजी गेला!" आणि तिनं छाती पिटून हंबरडा फोडला. घरातल्या बायका बाहेर आल्या, त्यांनी सूर धरला. शेजारच्यांनी निखाऱ्यावरचा चहा उतरवला. कोणीतरी मशिदीकडे पळालं. आणि तेवढ्यात रडणं ऐकून, सांत्वनाला म्हणून, कोपऱ्यावरून स्वतः हाजी मोख्तार चालत आले.

"कोण गेलं?" त्यांनी हळूच एका म्हाताऱ्याला विचारलं.

म्हातारा म्हणाला, "तुम्हीच, हाजी."

मी सगळ्यांकडे बघितलं. आता वायर जोडायला कोणी येणार नव्हतं. अब्बा भट्टीवर होते, आणि त्यांना ओरडता येत नव्हतं. मी फडकं हनुवटीखाली ओढलं आणि ओरडलो.

"कोणी मेलं नाही! अहमूदला रायशा हवीय!"

अशी मागणी आमच्यात कोणी घालत नाही, तीही मुलाच्या बापासमोर. हाजींनी फडकं भुवयांपर्यंत चढवलं आणि आले त्या रस्त्यानं जवळजवळ पळतच गेले. फाती मावशी उंबऱ्यावर बसली. मला वाटलं आता काठी उचलणार. तर ती हसत होती. डोळे पुसत म्हणाली, "एलखेरचाच आहे गं. आवाज बघितलास का? नेऊ दे मुलगी. एवढं रडून घेतलंय, आता पाठवणीला रडायचं काम उरलं नाही."

घरी गेलो. अब्बा बांगडी घासत होते. मी काही सांगायच्या आधीच त्यांनी हातोडी उचलली आणि दोन ठोके दिले. एवढ्या लांबून ऐकू गेलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून लोक दारात यायला लागले. एकाला सासऱ्याशी बोलायचं होतं, दुसऱ्याला भावाशी. मी अजून अडखळतो, घाम फुटतो, पण जातो. आणि लग्नात एकाच माणसाला दोन कामं होत नाहीत. वाजवणारा स्पीकरपाशी असतो, लोहार पाहुण्यांत. लोक मला हाक मारणार आणि मी तारांवर बोट ठेवून उभा, असं आमच्या घरात चालणार नाही. बँड ईदनंतर अल्जिअर्सला रेकॉर्डिंगला जाणार आहे. मी कधी समुद्र बघितलेला नाही. वाईट वाटतं. खोटं कशाला लिहू? बोटं अजून ताटाच्या कडेवर पण वाजवतात.

पाचवं, माझा ताल. लोक विचारतात की एवढा ठाम ताल हा पोरगा कुठं शिकला. तो माझा नाहीच. लहानपणी भट्टीमागे झोपायचो आणि अब्बांची हातोडी चालू असायची. म्हणून तो कोणाला देता येत नाही. तो अब्बांना परत.

सहावं, हे मृत्युपत्र अमलात आणायचं काम अहमूदचं. येत्या गुरुवारी, रमझान लागायच्या आधी, त्याचं लग्न आहे. त्या दिवशी नवरदेवाला बोलायची परवानगी नाही, त्याच्या वतीनं मी बोलणार. म्हणून त्यानं हे आजच पार पाडावं. आणि हे कोणाला वाचायला देऊ नये. वाचून मीच दाखवणार, उभा राहून.

सही: घुमूर अग एलखेर

ठिकाण: अब्बांची भट्टी, तहगार्त, तामनरासेत. शुक्रवार, २१ फेब्रुवारी २०२५, दुपारच्या नमाजानंतर.

साक्षीदार:

अहमूद अग मोख्तार. (रायशाच्या कानाबद्दल आम्ही घरी बोलू.)

बेकाई अग सिद्दी. (मयतानं माझी टोपी परत करावी.)

एलखेर अग घुमूर, बाप. सही करत नाहीत, म्हणून चांदीवर मारतात तो घराचा ठसा कागदावर मारला आहे. कागद थोडा फाटला, ते ग्राह्य धरावं.

यानंतर घडलेलं, नोंद म्हणून:

सगळे भट्टीपुढे बसले आणि मी उभा राहून वरचं सगळं वाचलं. संपल्यावर अब्बांनी हातोडी उचलली आणि तीन ठोके दिले. बेकाई हसून लोळला. मी घोटभर पाणी प्यायलो, फडकं खाली केलं आणि अल्लाच्या नावापासून परत सुरुवात केली. जत्रेच्या भागापर्यंत आलो तेव्हा पलीकडच्या गल्लीतून फाती मावशीची हाक आली, "घुमूर! आता कोण गेलं रे?"

अब्बांनी माझ्याकडे बघितलं आणि दोन ठोके दिले.