जनीआत्या फ्लॅट बघते

कोन, पनवेल
१२ जानेवारी २०२५

चि. मिताली हिस,
अनेक आशीर्वाद.

पत्र बघून हसू नकोस. फोनवर मला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं मी मनाने भरते, त्यापेक्षा हे बरं. तुझ्या भावाने, हरेशने, नवीन खूळ काढलंय. खांदा कॉलनीत चौथ्या मजल्यावरचा एक फ्लॅट विकायला निघालाय, तो मी घ्यावा म्हणतो. जमिनीचे पैसे बँकेत पडून आहेत आणि इथे हायवेची धूळ पुसून माझे हात दुखतात, हे त्याचं खरंच आहे. तिथे दवाखाना, बाजार सगळं हाताशी.

पण मला एकच भीती आहे. फ्लॅटमध्ये जो तो दार लावून बसतो. तुझे काका गेल्यापासून मी एकटी. न्हाणीत पाय घसरून पडले तर कळणार कुणाला? कोनमध्ये निदान माझं दार सगळ्यांना दिसतं. हरेशला सांगितलं तर तो चिडतो, म्हणतो आत्या, तू उगाच घाबरतेस. तू स्वतः फ्लॅट घेतलायस, तेव्हा काय ते लिही.

माया आहेच, ती तशीच राहू दे.
तुझी,
जनीआत्या


कोल्हापूर
२० जानेवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

हरेशदादाचं ऐकून सही करू नकोस आणि माझं ऐकूनही नको. आम्ही चकचकीत फरशी बघून भाळलो आणि पहिल्याच पावसाळ्यात बेडरूमच्या भिंतीला ओल आली. ओल बघ. उन्हाळ्यात टँकर लागतो का, मेंटेनन्स किती, ते विचार. गॅलरीत बोंबील सुकत घालणार असशील तर त्याचा नियमही आधीच विचारून घे, मागाहून भांडू नकोस. आणि बघायला जाताना एकदोघांनाच ने. तुझ्या सासरची भावकी मला ठाऊक आहे!

पडण्याचं मात्र मी हसण्यावारी नेत नाही. हे पत्र लिहिताना त्याचाच विचार करत होते. शेजार कसा निघेल, हे फरशी बघून कळत नाही गं.

काळजी घे, आणि आमच्यावरचा लोभ कमी करू नकोस.
तुझी,
मिताली


कोन
२ फेब्रुवारी २०२५

चि. मिताली हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझं सगळं ऐकलं, एकदोघांना ने तेवढं जमलं नाही. आमच्यात भावकीने बघितल्याशिवाय सोयरीक ठरत नाही, मग घर कसं ठरणार? माझे दीर काशीरामभाऊजी तर अडूनच बसले, की वयनी, आमी बगितल्याबिगर घर घ्याचा नाय. टेम्पो भरून गेलो.

लिफ्टमध्ये सहाच माणसं असं लिहिलेलं होतं. भाऊजींचं म्हणणं, सहा मावतात तिथे दहा मावतात. मावलो, पण लिफ्ट तिसऱ्या मजल्याच्या खाली अडकून बसली. बायका रडकुंडीला आल्या. लग्नात धवला गाणारी बाई मी, दुसरं काय करणार? मोठ्याने धवला सुरू केला. सगळ्या मजल्यांवरची माणसं बाहेर आली. लिफ्ट उघडली तेव्हा चेअरमन आधी आमच्यावर खेकसले आणि मग मुलीच्या हळदीला गायला याल का म्हणून विचारू लागले. त्या फ्लॅटच्या समोर चारुता नावाची शाळामास्तरीण राहते, तिने सगळ्यांना चहा दिला.

ओल नाही. टँकर मे महिन्यात लागतो. बोंबील गच्चीवर चालतील, गॅलरीत नाही. मला घर आवडलं बाई.

घरच्यांना आशीर्वाद सांग, माझी आठवण काढत जा.
जनीआत्या


कोल्हापूर
१० फेब्रुवारी २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र घरात मोठ्याने वाचलं, सगळे लोळून हसले. पण आत्या, गंमत बघायला कुठेही माणसं जमतात. त्यावरून घर घेऊ नकोस. त्यांच्या सोसायटीची रविवारी मीटिंग असेल तर एकटी जाऊन बस आणि भांडतात कशी ते बघ. भांडूनही पुन्हा एकमेकांशी बोलत असतील तर माझा होकार समज.

रागावू नकोस, मायेने लिहिलंय.
तुझी,
मिताली


कोन
२४ फेब्रुवारी २०२५

चि. मिताली हिस,
अनेक आशीर्वाद.

मीटिंग काही मी बघितली नाही. रविवारी येते असं चारुताला कळवलं होतं, पण आदल्या दिवशी सणकून ताप भरला. उठवेना. फोन कुठे पडला होता तेही भान नव्हतं. माझं दार सगळ्यांना दिसतं असं मी तुला लिहिलं होतं ना? दिसत होतं गं. पण ते बंद दिसलं म्हणून भाऊजींना वाटलं मी उरणला हरेशकडे गेले, आणि हरेशला वाटलं मी मीटिंगच्या गडबडीत असेन. यात कुणाला बोल लावू?

सोमवारी शाळा सुटल्यावर चारुता रिक्षा करून आली. माझं घर तिला माहीत नव्हतं, किराणा दुकानात विचारत विचारत पोचली. हाका मारून दार उघडायला लावलं, दवाखान्यात नेलं, भाऊजींना बोलावून घेतलं. आता मी ठणठणीत आहे. भाऊजी इतके ओशाळलेत की दिवसातून तीनदा दार ठोकतात, माझी दुपारची झोप मोडते.

तुला एक सांगू? दार उघडल्यावर चारुता आधी माझ्यावर रागावली. येते म्हणून सांगायचं, आम्ही खुर्ची धरून ठेवायची आणि तुम्ही निरोपही द्यायचा नाही, असं ताडताड बोलली. तुझे काका गेल्यापासून मला असं कुणी रागावलं नव्हतं. मी तिचा हात धरून रडले.

हरेशला सांगितलंय, गुढीपाडव्याला राहायला जायचं. तू ये.

तुझी,
जनीआत्या