डॉक्टरांना न विचारलेला तुझा प्रश्न

आई, काल फार्मसिस्ट म्हणून वॉर्डात फेरीला गेले होते, तेव्हा एका पेशंटने मला विचारलं, "मॅडम, या औषधाने दुसरीकडं काही बिघडत तर नाही ना?" मी स्टूल ओढून तिच्याजवळ बसले आणि तिला सगळं समजावून सांगितलं. सिस्टर म्हणाल्या, "तुमच्याइतकं निवांत कुणी ऐकून घेत नाही." तेव्हा मी त्यांना माझी नेहमीची गोष्ट सांगितली. ती गोष्ट तुझी आहे, आणि मी ती बरोबर सांगत नाही.

तू गेलीस तेव्हा मी बी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला होते. आपल्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिली. तुझ्या हृदयाचं पंपिंग इतकं कमी झालं होतं की डोपामाइन हे औषध बंद करायला गेलं की ब्लडप्रेशर कोसळायचं. म्हणून ते शिरेतून चालूच राहिलं, तीन आठवडे. मी दिंडोरी रोडवरून कॉलेजची बस पकडायची आणि संध्याकाळच्या भेटीला तशीच ॲप्रन घालून यायची. तू रोज धुवून इस्त्री करून द्यायचीस, तोच ॲप्रन. आता तो मीच धुवायचे आणि कॉलर पिवळी पडत चालली होती.

पहिला आठवडा तू बरी बोललीस. मग तुझा चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला, दोन पांघरुणं घेऊनही तू कुडकुडायचीस. सिस्टर थट्टा करायच्या, "काय मावशी, आज आमच्याशी कट्टी?" तू म्हणायचीस, "बोलते गं बाई, पर आवाजच गोठलाय." मला वाटायचं, तू हिंमत सोडलीस. एकदा मी तुला रागावले, "उठून बसायचा प्रयत्न तरी कर. नुसती पडून राहतेस." तू माझ्याकडे बघितलंस आणि कोपरावर जोर देऊन उठायला लागलीस. उठता आलं नाही. मी हात दिला नाही.

त्याच संध्याकाळी तू मला जवळ बोलावलंस. हळूहळू, एकेक शब्द जुळवत बोललीस. "आपण द्राक्षाच्या घडाला जीएची दवा देतो ना, मणी फुगायला. मणी फुगतो, पर पुढल्या साली त्या काडीला माल कमी लागतो. दवा एका जागी देतो, ती दुसरीकडं बी काम करती. ही बाटली हृदयाची हाय, पर मला आतून लय गार पडलंय. डॉक्टरला इचार, दुसरीकडं काय करती ती." वीस वर्षं तू लोकांच्या बागेत डिपिंग केलंस. औषधाच्या पाण्याचा मग वर धरून त्यात एकेक घड बुडवताना पाणी कोपरावरून काखेत ओघळायचं, ते मी लहानपणी बांधावर बसून पाहिलं आहे. तुझं म्हणणं त्या बागेतून आलं होतं, आणि ते बरोबर होतं. डोपामाइन फार दिवस शिरेतून गेलं की मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचे निरोप दबतात, थायरॉईड मंदावतो. हे मी दोन वर्षांनी पुस्तकात वाचलं, आणि लायब्ररीतून उठून बाहेर गेले. तेव्हा तपासणी झाली असती तर तू वाचली असतीस असं नाही. ते औषधच तुला जगवत होतं, आणि एवढ्या आजारात थायरॉईड तसाही खाली जातो. पण तू हिंमत सोडली नव्हतीस, एवढं तरी मला कळलं असतं.

मी सगळ्यांना सांगते, मी डॉक्टरांना विचारलं होतं आणि त्यांनी लक्ष दिलं नाही. "म्हणून मी आता प्रत्येकाचं ऐकते," असं पुढे जोडते. लोकांना ते आवडतं. खरं असं की डॉक्टर पलंगाशी आले, माझा ॲप्रन बघून म्हणाले, "अरे वा, फार्मसीला का?" आणि मला इतकं बरं वाटलं. तू माझी बाही ओढलीस. त्यांनी ते पाहिलं आणि स्वतःच विचारलं, "काय म्हणतायत आई?" त्यांच्यासमोर द्राक्षाच्या बागेचं कसं बोलायचं, याची मला लाज वाटली.

"काही नाही सर," मी म्हणाले, "घरी जायचं म्हणतेय."

तू बाही सोडलीस. हा कागद कुठे पाठवायचा नाही, म्हणून एवढं तरी लिहिता आलं. आई, त्या तीन आठवड्यांत घरी जायचं तू एकदाही म्हणाली नव्हतीस.