साहेबाची बांबूची खोली

चिंचवड,
ता. १० मार्च १९५७

तीर्थरूप सुमनताईस ज्योतीरामचा नमस्कार. दाजींनाही माझा नमस्कार सांग. मी बरा आहे. इकडे ऊन तापायला लागलंय, पवनेचं पाणी खाली गेलंय. तुझं कार्ड मिळालं. माझी चिमी आता सातापर्यंत पाढे म्हणते, एवढी ओळ मी चारदा वाचली. तिच्या आईबद्दल, शालनबद्दल, तू एक अक्षर लिहिलं नाहीस. समजलो.

कामाचं विचारलं होतंस. इथल्या एका नव्या कारखान्यातल्या अमेरिकन इंजिनिअरच्या बंगल्यात पाहुण्यांना बसायची खोली करत होतो. साहेब लढाईत कुठल्याशा लांबच्या बेटांवर होता. तिथल्या झोपडीसारखी खोली त्याला हवी होती. मासिकातलं चित्र पुढं टाकलं आणि म्हणाला, असं कर. भिंतींना रंगराव बुरुडानं विणलेल्या तट्ट्या लावल्या, वर नारळाच्या झावळ्या, पुढं बांबूचं उंच टेबल. शिवणीच्या ओंडक्यातून दोन मुखवटे कोरले, डोळे वटारलेले, दात विचकलेले. साहेब त्यांना टिकी म्हणतो. तिसरा त्याला टेबलाखाली पाय टेकायला हवा होता. मी विचारलं, हे कोण? म्हणाला, तिथल्या लोकांचे वाडवडील, देवच म्हण. मी म्हणालो, "मग पायाखाली नको, साहेब." त्यानं थोडा विचार केला आणि साधी फळी लावू दिली.

ताई, पाहुण्यांना बसायची खोली असं वर लिहिलं, ते अर्धंच खरं आहे. ती दारू प्यायची खोली आहे. साहेबाकडे सरकारी परवाना आहे, चोरून काही नाही. पण तू काय म्हणशील म्हणून आधीच्या दोन्ही पत्रांत मी ते लिहिलं नाही.

आता सगळंच लिहितो.

गेल्या महिन्यात साहेब आणि मडम आठ दिवस आगगाडीनं मुंबईला गेले. पॉलिश राहिलं होतं म्हणून खोलीची किल्ली माझ्याकडे दिली. दारूच्या बाटल्या आधीच भिंतीवरच्या फळीवर मांडून झाल्या होत्या. दोन दिवस मी तिकडं पाठ करून काम केलं. तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या हातात बाटली होती आणि बूच काढलेलं होतं. कधी उठलो, कधी काढलं, खरंच सांगता येत नाही. सव्वा वर्षात थेंब घेतला नव्हता.

वास आला आणि मला उंब्रजचा बाजार दिसला. त्याबद्दल मी आजवर तुझ्यापाशी तोंड उघडलेलं नाही. चिमीला मी बाजारात नेलं, गुत्त्याबाहेर बसवलं, आणि मागच्या दारानं निघून तसाच घरी आलो. शालननं विचारलं, पोर कुठाय, तर मला आठवेना. तू शोधत गेलीस. दिवस मावळताना ती कासारणीच्या पालात सापडली. तू दोघींना तुझ्याकडे नेलंस आणि मला म्हणालीस, "शुद्धीत राहशील तेव्हा ये." मला त्या वेळी तुझा राग आला होता.

मी बूच लावलं, खोलीला कुलूप घातलं. साहेबाचा ड्रायव्हर करीमभाई मागं गाडी दुरुस्त करत होता. त्याला म्हणालो, "ही किल्ली तुमच्याजवळ ठेवा. मी आत एकटा राहिलो तर पिईन."

वाटलं, हसेल, नाहीतर साहेबाला सांगेल. त्यानं हात पुसले. म्हणाला, "मग एकटा कशाला राहतोस? मी येऊन बसतो."

पाच दिवस तो दाराशी गाडीचे सुटे भाग पुसत बसला. दुपारी त्याची बायको गुलशन दोघांचं जेवण पाठवायची. शेवटच्या दिवशी तो एवढंच बोलला, "माझा थोरला भाऊ यातच गेला. आम्हाला कळलं तेव्हा उशीर झाला होता."

साहेब परतला. खोलीभर फिरून त्यानं मुखवट्यांवरून हात फिरवला. मग दोन पेले भरले आणि एक माझ्या पुढं केला. करीमभाई पुढं होऊ लागला, तोवर मीच म्हणालो, "साहेब, मी पीत नाही. प्यायलो तर थांबत नाही." साहेबानं तो पेला बाजूला ठेवला आणि मला अननसाचा रस दिला. ताई, इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

मुखवटे पाहून त्यानं कारखान्यात माझ्यासाठी शब्द टाकला. लाकडी साचे करायच्या खात्यात एक तारखेपासून मी कायम आहे. पिंपळे गुरवला एक खोली घेतली आहे, पुढं अंगण आहे.

शालनला ये म्हणायचा मला हक्क नाही. हे पत्र तिला वाचून दाखव, बाजाराचं सुद्धा, काही न गाळता. तिच्या मनात आलं तर तूच दोघींना घेऊन ये. चार दिवस राहा, मी कसा राहतो ते बघ, करीमभाईला विचार. मग तुम्ही दोघी ठरवा. नको म्हणालात तरी मी इथं असाच राहीन.

चिमीची माफी मी पत्रातून मागणार नाही. ती समोर आल्यावर मागेन.

तुझ्या डोळ्याला डोळा देऊ शकेल असा,
तुझा धाकटा भाऊ
ज्योतीराम