फेनरचं पाकीट

प्रिय ताई,

मंगळवारी कोर्टाच्या टपालखोलीत मी कचऱ्यातून एक पाकीट उचललं, तिथेच सगळं बदललं. आईला माझी तब्येत ठीक आहे एवढंच सांग. तिचा गुडघा कसा आहे?

फेनर नावाच्या कैद्याने वकील नाही म्हणून स्वतःच पेन्सिलीने अर्ज लिहिला. असे अर्ज छाननारे कोर्टाचे नोकरदार वकील प्रुइट यांनी ‘दोन दिवस उशीर’ म्हणून तो फेटाळावा, असं लिहून दिलं. पण कैद्याने अर्ज तुरुंगात पहारेकऱ्याच्या हाती दिला तो दिवस धरायचा असतो, आणि त्या दिवसाचा शिक्का कचऱ्यातल्या त्या पाकिटावर होता. मुदतीच्या चार दिवस आधीचा. मला सोडून गेलेल्या लोरेटाच्या पत्रांची जुनी पाकिटं मी रोज तारखेसकट वाचतो, म्हणून नजर तिथेच गेली. ती तुला तिकडे कधी दिसते का गं?

प्रुइटचं काम तपासणाऱ्या हारग्रोव्हबाईंना मी पाकीट दाखवलं.

“कॉलेज अर्धवट सोडलंस ना, राजा? मग आम्हाला कायदा शिकवू नकोस. टाक ते.”

“मग तुम्ही तपासता तरी काय, बाई?”

त्या कॉफी ढवळत राहिल्या.

मी पाकीट फेनरच्या फायलीत टाचलं, नोंदवहीत नोंद केली, ‘उद्यापासून कामावर येत नाही’ म्हणून टपालखोलीची किल्ली त्यांच्या कपाशेजारी ठेवली आणि बाहेर पडून दार लावून घेतलं.

तुझा तापट भाऊ,
वेंडेल