पुण्याला पाठवलेली वाळू

शहागड, ता. ३ फेब्रुवारी १९५८

चि. धर्मराज यास काकांचे अनेक आशीर्वाद.

करकर, करकर. लहानपणी गोदेच्या कोरड्या वाळूत अनवाणी चालताना हाच आवाज यायचा. त्या ठेक्यावर आम्ही पोरं शाळेतल्या कविता म्हणत घरी यायचो. आता वाळवंट तेच आहे. कवितांच्या ओळी मात्र विसरून राह्यलोय.

असो. तू मागितलेलं वाळूचं पोतं सिराजोद्दीनच्या ट्रकनं पाठवलंय. वाळू गोजरबाईच्या अंगणातली आहे. तिच्या घरापासून साठ हातांवर गावाच्या नव्या विहिरीला खडक लागलाय. पंचवीस तारखेला मच्छिंद्र सुरुंग लावणार. तिची आई झुंबरबाई खुब्याचं हाड मोडून खाटेवर पडलीय, हलवली की किंचाळते. गोजरबाई विचारते, घर टिकेल का? तिला म्हटलं, आमचा पुतण्या प्रयोगशाळेत धक्क्यांचंच गणित मांडतो, त्याला विचारू. काकू विचारते, जेवतोस ना बराबर? लोभ पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
काका

पुणे, ता. १७ फेब्रुवारी १९५८

तीर्थरूप काकांस धर्मराजचा शिरसाष्टांग नमस्कार.

वाळू पोचली. इतकी स्वच्छ, रव्यासारखी कोरडी वाळू इथं कुणी पाहिली नव्हती. लोखंडी पेटीत भरून एका टोकाला घण पाडला. दुसऱ्या टोकाचा काटा जेमतेम हलला. कोरडे कण एकमेकांवर घासतात, फुटतात आणि धक्का तिथंच खाऊन टाकतात. त्यावरून गणित मांडलं. साठ हातांवर फळीवरचं भांडंसुद्धा वाजणार नाही. म्हातारीला मुळीच हलवू नका म्हणावं. वाळू पाण्यानं भरलेली असती तर गोष्ट वेगळी. पाणी दबत नाही, धक्का लांबवर नेतं आणि खालच्या वाळूची पेज होते.

विसरलेल्या ओळी तुम्हीच रचून टाका, आता कोण मास्तर छडी मारतोय! माया आहे तशीच असू द्यावी.

आपला,
धर्मराज

शहागड, ता. २५ फेब्रुवारी १९५८, सकाळ

चि. धर्मराज यास आशीर्वाद.

परवा तुझं पत्र गोजरबाईला मोठ्यानं वाचून दाखवलं. तिनं बांधून ठेवलेलं गाठोडं सोडलं. आज सकाळी काकूला सहज म्हटलं, वाळू रव्यासारखी होती म्हणे. ती फुलली. म्हणाली, पोराकडं घाण कशी पाठवायची? तीन पाण्यांनी धुतली, पिठाच्या चाळणीनं चाळली, चार दिवस माळवदावर वाळवली. तिच्या लेखी वाळू काय नि सांडगे काय, पुण्याला जायचं ते वाळवूनच. धर्मराज, त्या अंगणात हातभर उकरलं की पाणी लागतं.

तसाच धावलो. गोजरबाई म्हणाली, गुरुजी, परवा तुम्हीच वाचलं की हलवू नको, आज म्हणता हलव. मंग खरं कोणतं? तिथून विहिरीवर गेलो. मच्छिंद्र हसला. म्हणाला, आजवर इतके सुरुंग उडवले, वाळूला विचारायला कधी गेलो न्हाई.

दहाला बत्ती. आता साडेनऊ झालेत. हे पत्र तुला मिळेल तेव्हा व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. काकूला दोष देववत न्हाई. वाळू कशी हवी ते तू लिहिलं नाहीस, मीही विचारलं नाही. लोभ

थांब, दारात गलका झालाय. झुंबरबाईची खाट आलीय, आणि खाटेचा पुढचा पाय मच्छिंद्रच्या खांद्यावर. म्हणतो, बत्तीआधी अंगणात पहार मारून पाहिली. उपसली तर भोक पाण्यानं भरलं. म्हातारी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून राह्यली. तो घामाघूम होऊन विचारतोय, गुरुजी, खाट कुठं ठेवू?